एमजीबी रोडस्टर या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं इंजिन घरच्या गॅरेजमध्ये काढता येतं का? एकटं काढावं की गिअरबॉक्ससकट?

येतं, आणि गिअरबॉक्ससकटच काढा. एकटं इंजिन निघतं, पण बसवताना गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून सरळ घालणं त्या अरुंद जागेत फार जिवावर येतं.

आधी सीटमागची बॅटरी सोडवा. बॉनेट, रेडिएटर आणि त्याची चौकट काढा, कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टही मोकळे करा. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) पाइपसकट बाजूला बांधून ठेवला की नंतर पाइपातली हवा काढायची भानगड उरत नाही. खालून प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा), स्पीडोमीटर केबल आणि गिअरबॉक्सखालचा आडवा सपोर्ट सोडवा. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी हमखास विसरते. ती बसवताना राहिली, तर स्टार्टरचा करंट चोक केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते.

१७९८ सीसीचं हे लोखंडी इंजिन गिअरबॉक्स धरून दोनशे किलोच्या आसपास भरतं. छताच्या वाशाला चेन ब्लॉक अजिबात लावू नका, इंजिन क्रेन भाड्याने आणा. गिअरबॉक्सची शेपटी बरीच खाली झुकवावी लागते, म्हणून त्यातलं तेल आधीच काढा. जोडीला एक माणूस हवाच, आणि लटकत्या इंजिनाखाली कोणीही हात घालायचा नाही.