डी. फार्म.नंतरच्या ट्रेनिंगला सुरुवात करताना

डी. फार्म., म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमानंतरचे ट्रेनिंगचे ५०० तास सही-शिक्क्यापुरते उरकू नकोस. त्यातले निम्मे तरी प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्यासाठी आहेत, ते काउंटरवरच घालव.

सुरुवातीला एवढं सांभाळ:

– गोळ्यांची पट्टी घटक आणि मिलिग्रॅम वाचूनच उचल. मेटफॉर्मिन मधुमेहाचं, मेट्रोनिडाझोल जंतुसंसर्गाचं. घाईत अदलाबदल सहज होते.
– डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर अंदाज नको. फार्मासिस्टना दाखव, त्यांनाही शंका असेल तर दवाखान्यात फोन. नवीन मुलं विचारायला लाजतात, आणि खरा धोका तिथेच आहे.
– पट्टी कापताना एक्स्पायरीची बाजू राखून ठेव.

शेड्यूल एच-वनचं रजिस्टर (ठरावीक औषधांच्या विक्रीची वेगळी नोंदवही), बिलिंग नंतर येईल. आधी पेशंटला गोळी जेवणाआधी की नंतर, हे न चुकता सांगायची सवय लाव. ती तुला लवकर जमेल.