जुनी पिकअप घेताना: मीटर नंतर, आधी हौदा बघा

पहिल्यांदाच जुनी पिकअप घेणाऱ्यांचे बरेच प्रश्न आले आहेत. जवळपास सगळ्यांनी मॉडेलचं साल आणि किलोमीटर कळवलेत. गाडीने आजवर काय वाहिलं, हे मात्र कोणीच लिहिलेलं नाही. माझ्या मते पहिली चौकशी तीच हवी.

प्रश्न : टोमॅटोचे साठ क्रेट एका खेपेला पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला न्यायचे असतात. कधी वाशीलाही जावं लागतं. छोटा हत्ती घ्यावा की बोलेरो पिकअप? (ता. निफाड)

हिशेब सोपा आहे. वीस किलोचा क्रेट धरला तर साठ क्रेटचे बाराशे किलो झाले. २००५ साली आलेल्या मूळ टाटा एसला, म्हणजे छोट्या हत्तीला, दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं इंजिन होतं आणि तिची क्षमता पाऊण टनाच्या आसपास. गावातल्या गावात, कमी मालासाठी ती फार उपयोगी गाडी आहे. पण बाराशे किलो तिच्यावर रोज लादणं म्हणजे ब्रेक आणि क्लच दोन्हींशी खेळ, आणि वाशीच्या वाटेवर कसारा घाट आहे. तुम्ही बोलेरो पिकअप बघा, पण आरसीवरचं एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन यांची वजाबाकी करूनच व्हेरिएंट ठरवा. नावात पिकअप असलेल्या सगळ्या गाड्यांची क्षमता सारखी नसते. जादा मालाचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. एवढ्यात हंगामाचा नफा जाऊ शकतो.

प्रश्न : सहा वर्षांची गाडी, मीटरवर फक्त ६२ हजार किलोमीटर. मालक म्हणतो, घरगुती वापर होता. विश्वास ठेवावा का? (बार्शी)

मीटर बाजूला ठेवा आणि गाडीखाली जा. बिल्डिंग मटेरियल वाहणाऱ्याकडची गाडी कमी फिरूनही थकलेली असते. अर्धा ब्रास वाळू दोन टनांच्या पुढे जाते, पाचशे विटा दीड टनाच्या आसपास भरतात, आणि हजार लिटरची पाण्याची टाकी म्हणजे एक टन. असा माल वर्षानुवर्षं वाहिला की खुणा उरतातच.

मागचे पाटे, म्हणजे गाडीचं ओझं झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बघा. रिकामी गाडी सपाट जागेवर उभी असताना मागून जरा उचललेली दिसायला हवी. दोन्ही बाजूंची उंची वेगळी असेल किंवा पाटे सरळ झाले असतील, तर त्यांनी फार ओझं सोसलंय. कारखान्यातून आलेल्या पाट्यांवर जादा पाटा चढवलेला असेल तर उत्तर तिथेच मिळालं. मग टॉर्च घेऊन पाटे जिथे चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेत तिथले तडे आणि वेल्डिंग शोधा. बाकी चेसिसवर धूळ आणि तेवढ्याच भागावर ताजा काळा रंग दिसला, तर तो खरवडून बघू द्या म्हणावं. मालक नाही म्हणाला तर गाडी सोडा. हौद्याची पत्र्याची फळी ठोकून सरळ करता येते, चेसिस तशी होत नाही.

इंजिनसाठी सकाळी लवकर जा आणि गाडी आधी चालू करू नका असं आदल्या दिवशीच सांगा. बॉनेट गरम लागलं तर परत या. थंड इंजिन सुरू करून निळा धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडल्यावर आतून हवेची फसफस जोरात येत असेल तर मिस्त्रीला कॉम्प्रेशन तपासायला सांगा.

शेवटी, शक्य असेल तर अर्धा टन माल टाकून चालवा. क्लच सुटणं, गिअर टाकताना मागून धप्प आवाज येणं, ॲक्सिलरेटर सोडल्यावर डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद पोचवणारा गिअर) गुणगुणणं, हे रिकाम्या गाडीत लपतं.

प्रश्न : स्वस्तात मिळते आहे, पण आधी बंदरावरून मासळी वाहायची. रंग नवा आहे. (रत्नागिरी)

मासळीच्या बर्फाचं खारट पाणी हौद्यातून झिरपून चेसिसच्या पोकळ भागात बसतं आणि गंज आतून सुरू होतो. वरचा रंग कितीही चकचकीत असो, हलक्या हातोड्याने चेसिस ठोकत जा. आवाज खणखणीत असावा. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले, तर स्वस्त असूनही घेऊ नका. ब्रेकचे लोखंडी पाईप आणि वायरिंगचे जोडही बघा, खाऱ्या पाण्याने तेही खराब होतात. हौदा तेवढा खराब असेल तर नवा बनवून घेता येतो, तो खर्च भावात कापून मागा.

प्रश्न : फायनान्सचे हप्ते अजून चालू आहेत. मालक म्हणतो, पैसे द्या, नाव नंतर करू. (सांगली)

अजिबात नको. नाव आरसीवर चढेपर्यंत कायद्याने गाडी त्याचीच, आणि हप्ते थकले तर फायनान्सवाले ती तुमच्या दारातून ओढून नेतील. पैसे थेट कर्जखात्यात भरा, फायनान्स कंपनीकडून ना-हरकत आणि फॉर्म ३५ घ्या, एचपी (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरवा, मगच उरलेली रक्कम मालकाला. नावबदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विम्यावरचं नाव बदलायला १४ दिवस असतात. ती मुदत विसरू नका.

विकणाऱ्यासाठीही हे महत्त्वाचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. मालक खरोखर समजूतदार असेल तर नाव बदलायची घाई त्यालाच असेल.

गाडी आठ वर्षांच्या जवळ असेल तर फिटनेसची तारीखही विचारा. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांचं असतं, नंतर दरवर्षी करावं लागतं. महाराष्ट्रात पर्यावरण करही तेव्हापासून लागतो. थकलेली ई-चलानं एमपरिवहन ॲपवर दिसतात, ती मालकाकडून भरून घ्या.

प्रश्न : माझ्याकडे कारचं लायसन्स आहे. पिकअपसाठी वेगळं काढावं लागेल का? (सातारा)

नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की एलएमव्ही, म्हणजे कारसारख्या हलक्या वाहनाच्या, लायसन्सवर साडेसात हजार किलोच्या आतलं मालवाहू वाहनही चालवता येतं. पिकअप त्यात सहज बसते. पहिले काही दिवस अनुभवी चालकाला शेजारी बसवा आणि माल भरून ब्रेक लावायची सवय करा. भरलेली गाडी थांबायला बरंच जास्त अंतर लागतं.