झोपायची उंची

पाऊस सरत आला की टपालात तंबूवाले सुरू होतात. या वेळी तीन पत्रं निवडली. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण तसाच बेत आखणारी माझ्याच ओळखीतली चार घरं मला सांगता येतील.

ताई, सप्टेंबरअखेर चंद्रतालला (हिमाचलमधल्या स्पितीतला उंचावरचा तलाव) तंबूत राहायचं ठरतंय. मी, मिसेस, १२ वर्षांची मुलगी आणि सासूबाई (६७, बीपीची गोळी चालू). रजा मोजून पाच दिवस. सकाळच्या विमानाने चंदीगड, रात्रीच्या व्होल्व्होने मनाली, उतरलो की लगेच गाडी करून संध्याकाळी चंद्रतालचा कॅम्प. दोन रात्री तिथे, आजूबाजूच्या वाटांवर भटकंती, मग परत. राजमाचीला आम्ही तंबूत राहिलोय आणि सासूबाई अजून चार मजले चढतात. कापराची पुडी आणि ऑक्सिजनचे डबे घेतोच आहोत. आणखी काय घ्यावं? — वाचक, गोरेगाव

आणखी रजा घ्या. ती मिळत नसेल तर चंद्रताल या खेपेला सोडा.

तुमच्या बेतात चालणं फारसं नाहीच, त्यामुळे सासूबाईंच्या चार मजल्यांचा इथे उपयोग नाही. प्रश्न झोपण्याचा आहे. गोरेगाव समुद्रसपाटीला, मनाली साधारण २०५० मीटरवर, चंद्रताल ४२५० च्या वर. मनालीत बसमधून उतरून त्याच रात्री तुम्ही २२०० मीटर उंच जाऊन झोपणार. अख्खं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ते आणि वर आणखी साडेपाचशे. ३००० मीटरच्या पुढे झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा आणि गिर्यारोहकांचा साधा दंडक आहे. दिवसा वर जाऊन या हवं तर, रात्री खाली या.

पूर्वी मनालीहून रोहतांगची खिंड चढून जाताना रस्ताच लोकांना थांबवायचा. २०२० साली त्या खिंडीखालून जाणारा अटल बोगदा सुरू झाला आणि सकाळी मनालीत पराठे खाल्लेली माणसं संध्याकाळी चंद्रतालच्या तंबूत डोकं धरून बसलेली दिसायला लागली. गाडी पोचते, शरीर मागे राहतं. हवेतल्या ऑक्सिजनची टक्केवारी वरही तीच असते, पण दाब कमी झाल्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात आणि तुमच्या बेतात तेच दिवस नाहीत.

आता कापूर. मराठी घरातून हिमालयात निघालेल्या प्रत्येक पर्समध्ये ती पुडी असते. हुंगल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. मनालीच्या बाजारातले ते हलके डबे काही मिनिटांत संपतात. पैसे वाचवा आणि त्यात एक जादा लोकरीची टोपी घ्या. कोविडपासून घरोघर असलेला ऑक्सिमीटर नेलात तर त्याची धास्ती घेऊ नका. त्या उंचीवर ८५ च्या आसपास आकडा धडधाकट माणसाचाही दिसतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. डोकेदुखी आणि सोबत मळमळ, जेवण नकोसं होणं, गरगरणं म्हणजे उंची लागली. मग आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात घोळ होणं यातलं काही दिसलं तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं. मुलं नेमकं सांगत नाहीत. मुलगी उगाच चिडचिडी झाली, ताटाला हात लावेना, तर प्रवासाचा थकवा म्हणून सोडून देऊ नका.

आणि उतरणार कुठून? चंद्रतालहून जवळचं मोठं गाव काझा, दवाखानाही तिथेच. पण तिकडे जायला आधी कुंझुम खिंड चढावी लागते, साडेचार हजार मीटरहून उंच. म्हणजे उतरायचं तर मनालीच्याच बाजूला, बातल-छत्रूच्या त्या दगडधोंड्यांच्या रस्त्याने, अंधारात. मोबाइलला रेंज नाही. २०२३ च्या जुलैत अवेळी बर्फ पडून तिथे जवळपास ३०० पर्यटक अडकले होते, आणि तुम्ही तर सप्टेंबरअखेर निघालाय.

पाच दिवसांत काय जमेल ते सांगते. मनालीत एक अख्खी रात्र नीट झोपा, रात्रीची बस धरू नका. मग बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये सिस्सू किंवा जिस्पा. दोन्ही ३१००-३२०० मीटरच्या घरात. जिस्पाला भागा नदीच्या काठी तंबू आहेत, चालायला वाटा आहेत आणि केलाँगचं रुग्णालय तासाभराच्या आत येतं. मुलीला थंडीतला तंबू हवाय ना, तो तिथे पुरेपूर मिळेल.

पुढच्या वर्षी नऊ-दहा दिवस जमले तर उलटे या: सिमला (२२००), सांगला (२७००), कल्पा (२९०० च्या पुढे), ताबो (३३०० च्या आसपास), मग काझाला दोन रात्री. काझाहून दिवसा हिक्कीमला जा. ते ४४०० मीटरवर आहे, तिथल्या पोस्टातून गोरेगावच्या पत्त्यावर कार्ड टाका आणि झोपायला खाली काझाला या. त्यानंतर चंद्रताल आणि मग मनालीकडे उतार. रस्ता लांबचा, पण प्रत्येक रात्र थोडी थोडी वर जाते. सासूबाईंचं मात्र निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. उंची लागू नये म्हणून डायमॉक्स हे औषध आधीपासून घेता येतं, पण ते डॉक्टरने लिहून दिलं तरच; सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. पहिल्या रात्री झोपेची गोळी नाही आणि तुम्हाला दारूही नाही.

एक सूचना पत्रात नसलेल्या गोष्टीबद्दल. चंद्रतालच्या काठावर तंबू लावायला मनाई आहे, कॅम्प काही किलोमीटर अलीकडे असतात. २००५ पासून ते रामसर क्षेत्र आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ‘लेक व्ह्यू टेंट’ म्हणून कोणी बुकिंग घेत असेल तर फोन ठेवून द्या.

बॅगेवर ‘उणे ५’ लिहिलेलं असूनही रात्रभर कुडकुडलो. शिवाय सकाळी तंबू आतून ओला. भाड्याचा माल खराब होता का? — वाचक, परळ

असेलही, पण आधी तो आकडा कसला ते बघा. स्लीपिंग बॅगेवर दोन-तीन तापमानं असतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे आरामात झोप लागेल ते, ‘लिमिट’ म्हणजे अंग मुडपून कशीबशी रात्र निघेल ते. मोठ्या अक्षरांत बहुधा दुसरंच छापतात. भाड्याने घेताना कम्फर्टचा आकडा विचारा आणि बॅग हाताने दाबून बघा. वर्षानुवर्षं पोत्यात कोंबून ठेवलेली बॅग फुगत नाही, आणि जी फुगत नाही ती ऊबही देत नाही.

थंडी बहुतेकदा खालून येते. अंगाखाली चेपलेली बॅग काही कामाची नसते, म्हणून मॅटवर कंजुषी करू नका. दोन फोमच्या मॅट एकावर एक टाका. झोपण्याआधी पोटभर जेवा, लघवीला जाऊन या (आळस केलात तर दोन वाजता जावंच लागतं), दिवसभराचे मोजे बदला. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून पायाशी ठेवा.

ओल तुमच्याच श्वासाची आहे. ऊब धरून ठेवायची म्हणून तंबूची सगळी भोकं बंद केली असणार. वरची जाळी उघडी ठेवा, तोंड बॅगेबाहेर ठेवा. आणि ऊब हवी म्हणून शेगडी किंवा निखारे तंबूत कधीही नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही.

आम्ही कॉलेजची मुलं डिसेंबरात कळसूबाईच्या माथ्यावर तंबू लावणार. उंचीचा त्रास होईल का? आणि वर मसूरडाळीची खिचडी साध्या पातेल्यात शिजेल का? — वाचक, मुलुंड

१६४६ मीटरवर उंची लागत नाही. वारा लागतो. माथा चिंचोळा, आडोसा देवळाचा तेवढा, आणि त्यावर डोळा ठेवून आधीच दहाजण आलेले असतात. शनिवारी तर शिडीवर रांग. माथ्याचा हट्ट सोडा, मुक्काम पायथ्याला बारी गावात करा आणि पहाटे टॉर्च घेऊन चढा. हे अभयारण्य आहे, त्यामुळे वर राहायचंच असेल तर चालतं का ते आधी गावात वनखात्याच्या माणसांना विचारा. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे जीप.

खिचडी शिजेल. दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं, म्हणजे तिथे ९४-९५ अंशांना. मसूर थोडी जास्त वेळ घेईल, दुपारी भिजत टाका. चंद्रतालला मात्र पाणी ८६ च्या आसपासच उकळतं. तिथे कुकरशिवाय डाळ-भाताच्या नादी लागू नये. गॅसचा छोटा डबा लोकलमध्ये नेऊ नका, ज्वलनशील वस्तूंना रेल्वेत बंदी आहे. बारीत एखाद्या घरी सांगितलंत तर चुलीवरची भाकरी-पिठलं मिळतं, खिचडीहून कितीतरी चांगलं.