जपानमधलं किताक्युशू हे शहर कसं आहे? तिथे बघण्यासारखं काही आहे का?

क्युशू बेटाच्या उत्तर टोकाचं हे बंदर आणि कारखान्यांचं गाव. गाव कसलं, १९६३ साली मोजी, कोकुरा, वाकामात्सु, याहाता आणि तोबाता ही पाच शहरं एकत्र करून बनवलेलं. त्यामुळे आजही तिथे एकच असं 'मधलं गाव' जाणवत नाही.

१९०१ मध्ये याहातात (यावाता हा त्याच नावाचा दुसरा उच्चार) सरकारी यावाता पोलाद कारखाना सुरू झाला. जवळच्या चिकुहोच्या खाणींतला कोळसा वाकामात्सु बंदरात यायचा. पुढे साठच्या दशकात दोकाई खाडी इतकी सडली की लोक तिला 'मृत्यूचा समुद्र' म्हणत. आवाज आधी उठवला तो तोबाताच्या गृहिणींनी. दोरीवरचे कपडे काजळीने काळे पडत होते ना! ज्या कारखान्यावर नवऱ्याचा पगार अवलंबून, त्याच्याच धुराविरुद्ध बोलायचं, हे सोपं नव्हतं. त्यांनी स्वतः काजळी मोजली आणि १९६५ मध्ये 'आम्हाला निळं आकाश हवंय' असा लघुपटही काढला. आज खाडीत पुन्हा मासे आहेत.

लोकसंख्या मात्र दहा लाखांवरून घसरत आता साधारण नऊ लाखांवर आलीय. म्हाताऱ्यांचं प्रमाणही बरंच.

बघायचं तर त्या पोलाद कारखान्याची हिगाशिदामधली जुनी झोतभट्टी, म्हणजे लोखंड गाळायची भट्टी, बघाच. आणि 'काकुउची' चुकवू नका: दारूच्या दुकानातच गल्ल्याशेजारी उभं राहून घेतलेला एक पेला. रात्रपाळी सुटलेल्या कामगारांची ही सवय, म्हणून काही दुकानं सकाळीच उघडतात.