सरकारी लॉ कॉलेजात काय शिकवतात?

तुम्ही विचारलंय की बारावी झाली, सीईटीत मार्क बरे पडलेत, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात पाच वर्षांच्या कोर्सला नंबर लागेल असं वाटतंय. पण घरचे म्हणतात कर्ज काढू, पण राष्ट्रीय विधी विद्यापीठातच जा. पुढे जज व्हायचंय. तर काय करू?

कर्ज काढू नका. झालं उत्तर. याच्या पुढचं तुमच्यासाठी कमी आणि आमच्या दाजींसाठी जास्त आहे.

मी त्याच कॉलेजची. चर्चगेट स्टेशनबाहेर पडलं की पाच मिनिटांत दारात. १८५५ सालचं कॉलेज, १९३५ मध्ये बाबासाहेब तिथे प्राचार्य झाले, हे तुम्हाला माहीत असेलच. माझी एका वर्षाची फी कधी पाच आकड्यांत गेली नाही. डोंबिवलीला काकांकडे राहायचे, पहाटेची लोकल पकडायची, सकाळी वर्ग, आणि अकराच्या सुमाराला मोकळी. हे अकरा वाजता मोकळं होणं नीट लक्षात ठेवा, सगळं भांडण तिथेच आहे.

दाजी बँकेत, कर्ज खात्यात. पहिल्या वर्षाच्या दिवाळीत भर पंगतीत म्हणाले, "सरकारी लॉ कॉलेजात काय शिकवतात? अकराला पोरं रस्त्यावर!" सगळे हसले. मीही हसले, त्याचाच राग जास्त आहे.

दुसऱ्या वर्षापासून फोर्टातल्या एका सीनियर वकिलाकडे जायला लागले. पगार नाही. कोर्टाच्या कागदांच्या नकलांसाठी अर्ज करायचे, बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी बघायची, सीनियरच्या फायली उचलायच्या. एकदा स्मॉल कॉजेस कोर्टात मॅटर होतं, धोबीतलावला. मुंबईतले घरमालक-भाडेकरूंचे दावे याच कोर्टात चालतात. आमच्याकडे भाडेकरू, गिरगावच्या चाळीतल्या सत्तरीच्या आजी. मालकाच्या साक्षीदाराची उलटतपासणी त्या दिवशी व्हायची होती, आणि आधी दोनदा तारीख घेऊन झालेली. सीनियर हायकोर्टात अडकलेले, फोन बंद. मी आणि आजी बाकावर.

पुकारा झाला. मी उठले, म्हटलं सर येतायत, थोडा वेळ मिळावा. जजसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "सनद आहे?" म्हणजे वकिलीचा परवाना. नाही म्हटलं, विद्यार्थिनी आहे. "मग बसा." बसले. समोरचा वकील लगेच, नो क्रॉसची ऑर्डर करा म्हणून मागे लागला. नो क्रॉस म्हणजे साक्षीदार बोलला ते तसंच राहिलं, त्याला प्रश्न विचारायचा आमचा हक्क गेला. नंतर तो हक्क परत मिळवायला अर्ज करा, दंड भरा, नशीब असेल तर मिळतो. माझ्या तोंडाला कोरड पडली. पुरावा कायदा त्याच सहामाहीत होता हो आम्हाला! उलटतपासणीत सूचक प्रश्न चालतात, हे कलमासकट पाठ होतं. पण वकील नसताना काय करायचं ते कुठल्याच कलमात नव्हतं.

शिरस्तेदार, म्हणजे कोर्टाचे कारकून, रोजनामा लिहीत होते. मान वर न करता हळूच म्हणाले, "अगं, पक्षकार बसलीय ना शेजारी? तिला उठव."

आजींना कोपराने ढोसलं. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "साहेब, माझे वकील मोठ्या कोर्टात आहेत. मी सकाळपासनं आलेय. जेवून या, तोवर येतील." कोर्टात खसखस पिकली. साहेबांनी मॅटर जेवणानंतर ठेवलं. अडीचला सीनियर धापा टाकत आले, उलटतपासणी झाली.

पक्षकाराला स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. पुस्तकातलं अगदी साधं वाक्य. मला ते त्या दिवशी कळलं.

ही गोष्ट मी पुढच्या दिवाळीत मोठ्या तोऱ्यात सांगितली. दाजी म्हणाले, "म्हणजे कॉलेजने नाही शिकवलं, शिरस्तेदाराने शिकवलं."

नऊ वर्षं झाली, मला याचं उत्तर सुचत नव्हतं. आता सुचलंय. दाजी, मंगळवारी दुपारी बारा वाजता मी त्या बाकावर बसू शकले, कारण कॉलेजने मला अकराला सोडलं होतं आणि कोर्ट चालत वीस मिनिटांवर होतं. राष्ट्रीय विधी विद्यापीठं निवासी, तिथली मुलं सुट्टीत महिनाभर कोर्ट बघून येतात. मी चार वर्षं रोज बघितलं. शिरस्तेदार फीमध्ये धरलेला होता असं समजा.

तुम्हाला जज व्हायचंय म्हणून आणखी एक. मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायला तीन वर्षं वकिली पुन्हा सक्तीची केली. ज्युनिअरला पहिली तीन वर्षं काय मिळतं ते कुणाही वकिलाला विचारा. त्यात हप्ता भरणार कशातून? सनदेचा खर्च तेवढा आता कमी झालाय. जुलै २०२४ च्या निकालानंतर खुल्या गटाला नोंदणीची फी कायद्यातली ७५० रुपयेच.

आता दोन गोष्टी कबूल करते. मोठ्या कॉर्पोरेट फर्ममध्ये जायचं असेल तर दाजी बरोबर आहेत. त्या फर्म राष्ट्रीय विद्यापीठांच्या आवारात जाऊन मुलं उचलतात, आमच्याकडून जाणाऱ्यांना जास्त घासावं लागतं. आणि मराठीत लिहायला आम्हाला कुणी शिकवलं नाही. तालुका कोर्टात पहिला दावा मी लिहिला तेव्हा मिळकतीची चतुःसीमाच घातली नव्हती. बाहेरच्या टायपिस्टने विचारलं, "मॅडम, जमीन हवेत आहे का?" तूर्तातूर्त मनाईच्या, म्हणजे निकाल लागेपर्यंत समोरच्याला थांबवा अशा, अर्जाला इथे सगळे नुसतं 'निशाणी ५' म्हणतात, हेही त्यानेच सांगितलं. (हे दाजींना सांगू नका.)

आणि हो, डोंबिवलीला काका नसतील तर माझा सगळा हिशेब कोसळतो. पाच वर्षं काकूंनी पहाटे साडेचारला उठून डबा दिला, एक रुपया घेतला नाही. मुंबईत खोलीचं भाडं काय आहे ते आधी बघा, मग फॉर्म भरा.