काय हलतंय ते आधी बघा: लाँग एक्सपोजर आणि एचडीआरवर वाचकांचे प्रश्न

पावसाळा आला की आपल्या टपालात धबधबे येणार हे ठरलेलंच. यावेळी जोडीला एचडीआरचे प्रश्न पण ढिगाने आलेत आणि बऱ्याच जणांनी दोन्हीची गल्लत केलीय, मेनूत दोन्ही सापडतात, दोन्ही 'अवघड उजेडासाठी' आहेत असं कुणीतरी सांगितलेलं असतं, मग दोन्ही चालू करून टाकायचं. लाँग एक्सपोजर म्हणजे शटर बराच वेळ उघडा ठेवून काढलेला एकच फोटो, त्याला फ्रेममधलं काहीतरी हलायला हवं असतं, आणि एचडीआर म्हणजे कमीजास्त उजेडाचे दोन-तीन फोटो जोडून केलेला एक, त्याला काहीच हललेलं चालत नाही, एवढं डोक्यात ठेवून खालची उत्तरं वाचा. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केलेत.

रंधा धबधब्याला गेलो होतो, भर दुपारी. शटर अर्धा सेकंद ठेवला की फोटो पांढराफटक. आयएसओ १००, ॲपर्चर एफ/२२ पर्यंत नेला तरी तेच. लेन्स कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ किटचीच आहे. लेन्समुळे होतंय का? — एक वाचक, सिन्नर

लेन्सला बोल लावू नका, तिचा काही दोष नाही. हिशोब बघा ना. शटर म्हणजे उजेड किती वेळ आत येतो, आयएसओ म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक, एफचा आकडा जितका मोठा तितकं ते बारीक. कडक उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ वर साधारण १/१२५ शटर बसतो, एफ/२२ ला १/६०. तुम्ही ठेवला अर्धा सेकंद, म्हणजे तीसपट उजेड आत घेतला. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट, तर हे पाच स्टॉप झाले. पाच स्टॉप जास्त झाल्यावर फोटो जळणारच, लेन्स लाखाची असती तरी जळला असता.

यावर उपाय म्हणजे एनडी फिल्टर, लेन्सपुढे लावायची काळी काच. एनडी८ तीन स्टॉप उजेड खाते, एनडी६४ सहा स्टॉप, एनडी१००० दहा. एकच घ्यायची असेल तर सहावाली घ्या, दहावाली समुद्र आणि ढगांसाठी ठीक आहे पण धबधब्याला जास्तच होते आणि स्वस्तातली असली की फोटोवर तांबूस नाहीतर निळसर झाक मारते. सहावाली लावली की उन्हात एफ/११ वरचा १/२५० सरळ पाव सेकंदावर येतो. ढगाळ हवेत मुळात उजेडच तीनेक स्टॉप कमी असतो त्यामुळे तिथे साध्या एनडी८ ने पण पाव सेकंद मिळून जातो. आणि खरं सांगायचं तर भर दुपारी धबधब्याचा फोटो काढायचाच कशाला, पाण्यावर ऊन चमकतं आणि खडक काळेठिक्कर येतात. सकाळी लवकर जा किंवा ढग आलेले असताना जा.

एफ/२२ चा नाद मात्र सोडा. भोक इतकं बारीक झालं की उजेड त्याच्या कडांवर पसरतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो. किट लेन्सला एफ/८ ते एफ/११ बेस्ट.

दुकानदार व्हेरिएबल एनडी गळ्यात मारायला बघेल, फिरवली की कमीजास्त होणारी. सोयीची आहे, पण १८ एमएमला, म्हणजे लेन्स सर्वात रुंद दृश्य घेते तिथे, शेवटपर्यंत फिरवली की फोटोत काळी फुली उमटते, तेव्हा घेतलीत तर मधल्या टप्प्यातच वापरा. त्यापेक्षा पोलरायझर असेल तर तो काढा बाहेर. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो आणि वर ओल्या दगडांची, पानांची चमक मारतो, हिरवा रंग असा काही उठतो की एडिटिंगमध्ये तसा आणता येत नाही. फिल्टर घेताना लेन्सच्या पुढच्या कडेवर गोलाला तिरकी रेघ मारलेलं चिन्ह असतं त्याच्याशेजारचा आकडा बघून तेवढ्याच मापाचा घ्या, ५२, ५५, ५८ असं काहीतरी असेल.

आता किती वेळ. नेटवर सगळे दहा-वीस सेकंद ठेवून पाण्याचा कापूस करतात, मला तो प्रकार अजिबात आवडत नाही, पाणी पडतंय की धूर निघतोय तेच कळत नाही. पाव ते अर्ध्या सेकंदात पाण्याच्या तारा वेगवेगळ्या दिसतात आणि पाण्याचा जोर पण कळतो. रंध्यासारखा मोठा धबधबा असेल तर १/८ ला पण छान येतो. दोन-चार वेगवेगळे शटर मारून घरी मोठ्या स्क्रीनवर बघा.

बाकी, फोकस आधी करा, मग ऑटोफोकस बंद करा आणि मग काच लावा, कारण गडद काचेतून कॅमेऱ्याला काही दिसत नाही आणि तो पुढेमागे करत बसतो. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. बटण बोटाने दाबू नका, २ सेकंदाचा टायमर लावा. डीएसएलआर असेल तर डोळा लावायची खिडकी रुमालाने झाका, तिथून उजेड शिरतो आणि लांब एक्सपोजरमध्ये फोटोवर धुरकट पट्टा येतो.

वळवाच्या विजांचे फोटो काढताना ३० सेकंदाचा एक फोटो झाला की कॅमेरा पुढची ३० सेकंद हँग होतो, स्क्रीनवर बिझी असं काहीतरी येतं. तेवढ्यात नेमकी भारी वीज पडून जाते! कार्ड बदलून पाहिलं. रिपेअरला टाकू का? — नागपूर

अजिबात नको. तुमचा लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू आहे. शटर खूप वेळ उघडा राहिला की सेन्सर तापतो आणि काही पिक्सेल उगाच लाल-निळे-पांढरे चमकायला लागतात. म्हणून कॅमेरा फोटो झाल्यावर शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो घेतो, त्यात कुठले पिक्सेल चमकतात ते बघतो आणि तेवढे खऱ्या फोटोतून वजा करतो. म्हणून ३० ला अजून ३०. नागपुरात मे महिन्याच्या रात्री हे ठिपके जास्तच येणार, त्यामुळे एकेकटा निवांत फोटो काढायचा असेल तर तो चालूच ठेवा. पण विजा, फटाके, तारे असं लागोपाठ काही टिपायचं असेल तर मेनूतून बंद करा, ठिपके नंतर सॉफ्टवेअरमध्ये जातात, गेलेली वीज परत येत नाही. आयएसओ १०० ते २००, एफ/८ च्या आसपास, १५-३० सेकंद, आणि एकामागून एक मारत राहा. खिडकीच्या आतून हं, गच्चीवर लोखंडी ट्रायपॉड घेऊन उभं राहायचं नाही.

कार्ल्याच्या लेणीत आतून दाराकडे बघत फोटो काढला तर खांब दिसतात पण वरची मोठी कमान पांढरी, कमान नीट आली तर खांब काळे. एचडीआर लावायला गेले तर ते ऑप्शनच राखाडी झालंय, निवडता येत नाही. — एक वाचक, तळेगाव दाभाडे

ताई, तुम्ही रॉमध्ये शूट करताय, हो ना? रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, जेपेग म्हणजे कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेला फोटो. बऱ्याच कॅमेऱ्यांत आतला एचडीआर फक्त जेपेगला चालतो, रॉ निवडलं की तो राखाडी होतो. क्वालिटी जेपेगवर आणा, उघडेल.

पण उघडू नका असंच मी म्हणेन. आतला एचडीआर दोन-तीन फोटो काढतो, स्वतःच्या अकलेने जोडतो आणि एक जेपेग हातात देतो. निकॉन डी५१०० सारख्या जुन्या मॉडेलात तर दोनच. नाही आवडला तर मागे फिरायची सोय नाही, मूळ फोटो बरेचसे कॅमेरे ठेवतच नाहीत. त्यापेक्षा रॉच ठेवा आणि ब्रॅकेटिंग वापरा, मेनूत एईबी किंवा बीकेटी नावाने असतं. त्यात कॅमेरा तीन वेगवेगळे फोटो देतो, एक काळपट, एक मधला, एक उजळ, आणि ते घरी जोडायचे.

किती फरकाने मारायचे ते मोजता येतं. कार्ल्याचं चैत्यगृह जवळपास ३८ मीटर लांब, उजेड येतो तो दर्शनी बाजूच्या कमानीतून आणि दारातून, आत स्तूपापर्यंत पोचेपर्यंत त्यातला फारसा उरत नाही. स्पॉट मीटरिंग लावा, म्हणजे कॅमेरा एका छोट्या ठिपक्यापुरताच उजेड मोजतो, कमानीतल्या आभाळावर धरा, समजा १/१००० आलं. मग ॲपर्चर आयएसओ तेच ठेवून सावलीतल्या खांबावर धरा, समजा १/४ आलं. १/४, १/८, १/१५ असं मोजत गेलात तर आठ स्टॉपचा फरक. एका रॉमध्ये एवढं ओढता येतं पण अंधाराच्या भागात ठिपक्यांची कचकच येते. उणे २, शून्य, अधिक २ स्टॉप असे तीन मारले की काम होतं. ॲपर्चर प्रायॉरिटी मोडवर राहा म्हणजे कॅमेरा फक्त शटर बदलेल, ॲपर्चर बदलला तर प्रत्येक फोटोत फोकसची खोली वेगळी येईल आणि जोडताना बोंब. फरक चार-पाच स्टॉपचाच निघाला तर या भानगडीत पडूच नका, कमान जळणार नाही इतपत काळपट एकच रॉ काढा आणि घरी सावल्या उचला. हल्लीचे सेन्सर यात फार पुढे गेलेत.

पुढचा प्रश्न ट्रायपॉडचा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉड लावायला आधी परवानगी लागते, तो घेऊन थेट गेलात तर अडवतील. मग आयएसओ ८०० ते १६०० करा, पाठ भिंतीला टेका, कोपरं पोटाशी घट्ट धरा, ड्राइव्ह कंटिन्युअसवर टाका आणि एका दमात तिन्ही फोटो मारा. थोडं हललं तर सॉफ्टवेअर जुळवून घेतं, फक्त कडा थोड्या कापल्या जातात, म्हणून फ्रेम जरा मोकळी ठेवा.

आणि माणसं! शेजारी एकवीरा आईचं देऊळ, सुट्टीच्या दिवशी लेणीत पण भक्तांची रीघ. तीन फोटोंमध्ये माणूस तीन जागी असतो, जोडल्यावर अर्धपारदर्शक भुतं नाहीतर तीन पायांचे काका तयार होतात. सॉफ्टवेअरमध्ये ही भुतं पुसायला डीघोस्ट असतं, त्याने थोडंफार निभावतं. सकाळी लवकर, आडवारी जा.

जोडून झाल्यावर स्लायडर जपून ओढा. आत अंधार आहे तर तो अंधार वाटला पाहिजे हो. वरच्या लाकडी फासळ्या दिसाव्यात, दोन हजार वर्षांचं लाकूड आहे ते, पण ट्यूबलाइट लावल्यासारखं नको. लग्नाच्या अल्बमात जांभळे ढग आणि झाडांभोवती पांढरी कड असते ना, ते एचडीआरचं पाप नाही, स्लायडर ओढणाऱ्याचं आहे.

पुढच्या जूनला काजवे बघायला पुरुषवाडीला जाणार आहोत. एचडीआर लावला तर झाडं पण दिसतील आणि काजवे पण, बरोबर? — कॉलेजचा विद्यार्थी, संगमनेर

नाही रे. काजवा एका फोटोत चमकेल, दुसऱ्यात विझलेला असेल, एचडीआर त्याला चूक समजून पुसूनच टाकेल. इथे लाँग एक्सपोजरच. लेन्स जितकी उघडेल तितकी उघड, किट असेल तर एफ/३.५, आयएसओ १६०० ते ३२००, २०-३० सेकंद, ट्रायपॉड न हलवता लागोपाठ फोटो मारत राहायचं आणि घरी सॉफ्टवेअरमध्ये लायटन मोडने एकावर एक रचायचे, त्यात प्रत्येक जागी सगळ्यात उजळ तेवढंच राहतं. इन्स्टावर अख्खं झाड लखलखलेलं दिसतं ते बहुतेक असंच, डोळ्याला एका क्षणी तेवढे कधीच दिसत नाहीत. झाडाचा एक फोटो अंधार पडायच्या आधी त्याच जागेवरून काढून ठेव, तो खाली घालायचा. आभाळ मोकळं मिळालं आणि तारे पण हवे असतील तर ५०० ला फोकल लेंथने, म्हणजे लेन्सच्या एमएमच्या आकड्याने भाग, क्रॉप म्हणजे लहान सेन्सरवर १८ एमएम म्हणजे २७ धरायचे, साधारण १८ सेकंद येतात, त्याच्यापुढे तारे लांबट होतात. टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेव. ते चमकतात ते जोडीदार शोधायला, तुझ्या उजेडात त्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत.

फोन हे सगळं आपोआप करतो, मग कॅमेरा कशाला मिरवायचा? — ठाणे

एचडीआरपुरतं तुमचं बरोबर आहे. फोन बटण दाबायच्या आत भराभर फ्रेम घेतो आणि जोडतो, गुगलने २०१३ ला नेक्सस ५ फोनवर आणलेला एचडीआर प्लस तर मुद्दाम काळपट फ्रेम घेऊन त्या एकत्र करायचा, म्हणजे आभाळ जळत नाही. कल्पना काही नवी नाही, गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फ्रेंच माणसाने १८५० च्या दशकात समुद्राची एक निगेटिव्ह आणि आभाळाची दुसरी अशा दोन जोडून प्रिंट काढल्यात. पण फोनचा नाइट मोड म्हणजे लाँग एक्सपोजर नव्हे. तो हललेलं सगळं काढून टाकायला बघतो आणि तुम्हाला मरीन ड्राइव्हवर गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा हव्या असतात. आयफोनला लाइव्ह फोटोत लाँग एक्सपोजर इफेक्ट आहे, दोन-तीन सेकंदाचं काम होतं. त्याच्यापुढे कॅमेराच बरा.

वांद्र्याच्या किल्ल्यावरून सी लिंक काढताना लाँग एक्सपोजर आणि एचडीआर दोन्ही एकत्र वापरता येईल का? दिवे जळतात आणि पाणी काळं येतं. — मुंबई

येईल, पण ऑटो मर्जवर, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप जोडण्यावर, सोडू नका. सूर्य मावळल्यावर आपल्याकडे जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं आभाळ निळं असतं, त्यातच मारायचं. २, ८ आणि ३० सेकंद असे तीन. मधला १५ वर गेला की तिसरा ६० वर हवा, आणि बहुतेक कॅमेरे ३० ला थांबतात, मग आयएसओ १०० चा २०० करा म्हणजे मधला परत ८ वर येतो. नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर काळ्या फोटोंमध्येच अर्धी वेळ जाईल आणि तोवर आभाळ बदललेलं असेल. घरी तिन्ही लेयर करून ब्रशने जोडा, पाणी ३० वाल्यातून, पुलाचे दिवे २ वाल्यातून, आभाळ ८ वाल्यातून. ऑटो मर्जला तीन फोटोंतल्या तीन वेगळ्या लाटा दिसतात आणि तो त्यांची सरमिसळ करून पाण्यावर डाग पाडतो. किल्ल्यावर वारा भरपूर असतो, ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला बॅग अडकवा, पण ती झुलू देऊ नका, जमिनीला टेकलेली ठेवा.