ब्राझीलहून हर्णैला येणाऱ्या तरुण मिशनऱ्याने हिंदी शिकून यावं की मराठी?

तुमचा तेवीस वर्षांचा ब्राझीलचा मित्र जूनपासून वर्षभर कोकणात दापोलीजवळच्या हर्णै बंदरापाशी चर्चच्या सेवेला येतोय. संस्थेने त्याला हिंदी शिकून यायला सांगितलंय. ते योग्य आहे का आणि इथलं रोजचं जगणं कसं असेल, असं तुम्ही विचारलंय.

मराठी शिकावी. हिंदीवर एक दिवसही घालवू नये. दापोलीत मी परदेशी सेवकांना मराठी शिकवतो आणि 'हिंदीवर भागतं' हे वाक्य मला सहन होत नाही. १८२९ साली मुंबईत उतरलेला चोविशीतला स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मराठी शिकायला याच हर्णैला येऊन राहिला होता. त्याआधी गोव्यात १५७९ साली आलेल्या इंग्रज फादर स्टीफन्सनी तर ख्रिस्ताची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत रचलं, १६१६ साली ते छापून निघालं. स्टीफन्सच्या काळी छापील मराठी शब्दकोशही नव्हता.

ब्राझीलची भाषा पोर्तुगीज. ती येणाऱ्याला चावी, साबण, बटाटा, पाव हे शब्द आयतेच मिळतात. घोडं अडतं ते नपुंसकलिंगाशी, कारण पोर्तुगीजमध्ये ते नाहीच. मी ते ताटातून शिकवतो: तो बांगडा, ती सुरमई, ते पापलेट. मग लगेच भूतकाळ: मी बांगडा खाल्ला, सुरमई खाल्ली, पापलेट खाल्लं. क्रियापद खाणाऱ्याकडे न बघता माशाकडे बघतं, हे एकदा पटलं की अर्धं व्याकरण झालं. पुढची खाच अनेकवचनात आहे. बांगडे खाल्ले, सुरमया खाल्ल्या, पण पापलेटं खाल्ली. हे 'खाल्ली' एका सुरमईच्या 'खाल्ली'सारखंच ऐकू येतं आणि शिकणारा तिथे हमखास गोंधळतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, तेव्हा हाच धडा सुका बोंबील, सुकट आणि अंडं घेऊन करायचा.

उच्चारांत आधी 'चार' आणि 'चारा' यांतले दोन वेगळे च, मग 'काल' आणि 'काळ'. बंदरावर 'पाणी'चं 'पानी' ऐकू येईल. त्याने स्वतः ण शिकावा, पण समोरच्याला सुधारायला जाऊ नये. आकड्यांसाठी ऑगस्टपासून रोज तासभर बंदरावरच्या मासळीच्या लिलावात उभं राहावं. एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी, हे तिथे कानात बसतं. लिपी एसटीच्या पाट्यांवरून येते, बाराखडीची घाई नको.

राहण्याचं थोडक्यात सांगतो. पाऊस धो धो पडतो. चामड्याचे बूट आणणं चूक आहे, आठवड्यात बुरशी धरते. लवकर वाळणारे कपडे आणि रबरी चप्पल आणावी, पुस्तकं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. पायाला जखम असताना भातशेतीच्या पाण्यात उतरू नये, लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून येणारा ताप होऊ शकतो. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. घरात गेल्यावर चप्पल बाहेर, वयाने मोठ्यांना 'तुम्ही', बाईमाणसाला मावशी. चहा नको असेल तर 'अर्धा कप द्या' म्हणावं.

व्हिसाचं आधीच सांगायला हवं होतं. पर्यटक व्हिसावर धर्मकार्य चालत नाही, मिशनरी व्हिसा वेगळा असतो. तो १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर पोचल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून सरकारदरबारी नोंदणी करावी लागते.

आता हिंदीचा सल्ला देणाऱ्यांविषयी. हाच वाद मी एका संस्थेच्या वरिष्ठांशी वर्षानुवर्षं घातलाय. त्यांचं म्हणणं, हिंदी इथे सगळ्यांनाच कळते. कळते ना! आजारी आजीला भेटायला गेलेल्याने हिंदीत विचारपूस केली की उत्तर शिकलेला नातू देतो आणि खाटेवरची आजी दोघांच्या तोंडाकडे बघत राहते. मित्राला म्हणावं, पहिलं वाक्य हेच पाठ कर: 'आजी, आज बरं वाटतंय का?'